पितांबरभाऊच्या टाचा

माझा मोठा भाऊ पितांबर कधी नीट बसलेला मला आठवत नाही. जेवायला बसला तरी एक गुडघा वर, पाय हलता आणि नजर दाराकडे. सैन्यातून रिटायर होऊन आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस अंगणात खाट टाकेल आणि चहा पीत गप्पा हाणेल. कसलं काय. आमच्या गावी, असोद्यात करमेना म्हणून त्याने धुळ्याला देवपुरात घर केलं, तिथल्या एका शाळेत पोरांना कवायत शिकवायचं काम धरलं. तिथेही करमेना म्हणून दर शनिवारी एस.टी. धरून पारोळा, एरंडोल करत असोद्याला यायला लागला. रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. इथे आला की तिथली घाई आणि तिथे गेला की इथली.

त्याच्या शेजारी लोटननाना राहत, त्याच शाळेतले शिपाई. मी देवपुरात गेले की ते माझ्याकडे तक्रार करायचे. "ताई, बठ्ठा लोक दुपारना सावलीमा बठतस, नि तुम्हना भाऊ उनमा गच्चीवर चकरा मारस. काय शोधस, काय माहीत." मी हसून सोडून द्यायचे. भाऊला काय टोचतं ते मला माहीत होतं, पण ते गच्चीवर उभं राहून लोटननानांना सांगण्यासारखं नव्हतं.

मी बेबाबाई. सासर जळगावात, नोकरी माहेरच्या गावात, असोद्याच्या शाळेत पहिलीचा वर्ग. रोजची बसची ये-जा. इतकी वर्षं पोरांना अक्षरं शिकवल्यामुळे शिकवण्याबद्दल माझी मतं पक्की आहेत, आणि कोणी विचारायची वाट न बघता मी ती सांगते. आमच्या आधीच्या गुरुजींनी सूर लावून बाराखडी पाठ करून घेतलेली पोरं मोठेपणी पेपरसुद्धा सुरात वाचतात. पुढे चित्रं दाखवून शब्द ओळखायला लावायची पद्धत आली, तर ती पोरं निम्मं वाचतात आणि निम्मं अंदाजाने ठोकून देतात. शिकवणारा निघून जातो, त्याची पद्धत पोराच्या अंगात राहते. भाऊचं दुखणं नेमकं हेच होतं.

भाऊ बर्फावरून घसरायला शिकला होता. केळीच्या बागेत आणि कपाशीच्या वावरात वाढलेला माणूस, उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, त्याची पलटण काश्मिरात गेली आणि तिथे त्याच्या पायांना दोन लांब पट्ट्या बांधल्या. याला स्कीइंग म्हणतात हे त्याने सुट्टीत आल्यावर आम्हाला समजावून सांगितलं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग त्यात काय हाये. आपून फयीवर उभे नाही ऱ्हात?"

आबांची फळी म्हणजे वावरातली ढेकळं फोडायची फळी. जाड लाकडाची, दोरांनी जुवाला बांधलेली. तिच्यावर वजन लागतं म्हणून माणूस उभा राहतो, हातात बैलांचा कासरा धरतो आणि बैल ओढत नेतात. भाऊ लहानपणापासून तिच्यावर उभा राहिलेला. तिथे एकच गोष्ट जपायची असते. फळी ढेकळाला अडली की गचका बसतो आणि माणूस तोंडावर पुढे जातो, म्हणून अंग मागे टाकून सगळा भार टाचांवर ठेवायचा. आबांनी त्याला हे शिकवलं नाही. दोन-तीनदा पडून तो आपोआप शिकला. बर्फावर मात्र उलटं. भार पुढे हवा, गुडघे पुढे, नडग्या बुटांच्या पुढच्या बाजूला दाबलेल्या. टाचांवर बसलात की पट्ट्या ऐकत नाहीत, तुम्हाला टाकून पुढे पळतात.

भाऊला तिथे दोन उस्ताद भेटले. पहिले बलबीर उस्ताद, गढवालचे हवालदार. ते बोलायचेच नाहीत. "पीछे आ, बस," एवढंच म्हणायचे आणि निघायचे. त्यांच्या पट्ट्यांनी बर्फात जी रेघ पडे, तिच्यावरून जायचं. ते वाकले की वाका, ते वळले की वळा. भाऊ सांगायचा, की त्यांच्या मागे गेलं की भीती कुठे ठेवली तेच आठवायचं नाही. नंतर एक तरुण कॅप्टन साहेब आले, परदेशात शिकून आलेले. त्यांनी एका वळणाचे तुकडे केले. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, आणि प्रत्येक तुकडा उभ्या जागी घोटून घ्यायचा. भाऊचं वळण त्यांच्यामुळे असं नीट झालं की बाकीचे जवान थांबून बघायचे. बलबीर उस्तादांकडून वेग आला, साहेबांकडून नेटकेपणा आला. पण उतार उभा झाला की दोघेही उस्ताद कुठल्या कुठे जायचे आणि भाऊ आबांच्या फळीवर उभा असायचा.

उस्ताद होण्याची परीक्षा त्याने दिली. दुसऱ्यांना शिकवायचा हक्क मिळतो ती. शेवटच्या उतारावर रात्रीच्या थंडीने बर्फाची काच झालेली होती. अंग मागे गेलं, पट्ट्या पुढे गेल्या, गुडघा पिरगळला. परीक्षा घेणारे साहेब वाईट नव्हते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "चलता अच्छा है तू. पर सिखाने लायक नहीं. तेरी गलती तेरे चेलों में जाएगी."

गुडघा बरा झाला. ते वाक्य बरं झालं नाही. धुळ्यात शाळेच्या मैदानावर पोरांना तो सावधान-विश्राम शिकवायचा तेव्हासुद्धा स्वतः करून दाखवायचा नाही. पुढच्या रांगेतलं एखादं पोर निवडायचा आणि म्हणायचा, याच्याकडे पाहा.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्याची मुलगी उज्ज्वला घरी आली आणि म्हणाली, "नाना, कॉलेजच्या एन.सी.सी.तून माझं नाव निघालं. मनालीला स्कीइंगचा कोर्स, जानेवारीत." सुनंदावहिनींनी देवापुढे साखर ठेवली. भाऊ चपला घालून बाहेर पडला तो पांझरा नदीच्या पुलावर जाऊन परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, तिथे नुसतं जाऊन भागत नाही, आधी अंग तयार लागतं. आणि मग त्याला जे भरतं आलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण सगळा कारखाना असोद्याला आमच्याच विहिरीवर निघाला.

आमच्या सपाट मुलखात उतार आणायचा कुठून? भाऊला विहिरीची धाव आठवली. पूर्वी मोट चालायची तेव्हा बैल पाणी ओढताना विहिरीपासून जिच्यावरून खाली चालत जायचे ती उतरती वाट. विजेची मोटर बसल्यापासून ती ओस पडली होती. भाऊने तिच्यावरचं गवत काढलं, केळीचे कापलेले खांब आणून सोलले, त्यांची ओली सालं वरपासून खालपर्यंत अंथरली आणि वर पाणी मारलं. त्याच्यावर उभं राहायची सोय नव्हती, मांजरसुद्धा घसरलं. रुपचंद सुताराने बांबू चिरून, टोकं शेकून वर वळवून दोन पट्ट्या केल्या. गावातले लोक बघायला यायला लागले. निम्म्यांचं मत होतं की मिलिटरीत डोक्याला थंडी लागली.

आणि भाऊ शिकवायला लागला. कसं, तर साहेबांच्या पद्धतीने. गुडघा. कंबर. खांदा. उज्ज्वला धावेच्या डोक्यावर उभी, भाऊ खाली जमिनीवर, हातात काठी. "गुडघा पुढं. आणखी पुढं. टाच उचल. टाच टेकली पाह्य तुही." टाच, टाच, टाच. पोरगी गुणी, सांगेल ते करायची. पण निघाली की तुकड्यातुकड्याने निघायची. गुडघा आठवला की कंबर विसरायची, कंबर आठवली की पडायची. दर शनिवार-रविवार हेच. तिच्या कोपरांची सालं गेली. एरवी एवढी बोलकी मुलगी धाव चढताना गप्प असायची.

मला राहवेना. माझ्या वर्गातली पोरं अशी होतात ना, क ला काना का, म ला काना मा म्हणत बसतात आणि समोर 'मामा' लिहिलेलं असतं ते त्यांना दिसत नाही. मी भाऊला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, तू पुढं घसर, तिले मागून येऊ दे. तुह्या त्या बलबीर उस्तादासारखं. तू तर मुका राहून शिकला, अन् पोरीचे कान कामून खातो?"

तो म्हणाला, "नाही."

"कामून नाही?"

"माह्या मागं आली तर माह्या टाचा घेईन ती." मग धावेकडे बघत राहिला. "बेबी, तिच्यात माही चूक नको जायला. बाकी काही शिकली नाही तरी चालीन."

मला त्याची दया आली आणि रागही आला. शिकवायचं तर आहे, पण स्वतःला वगळून. असं कोणाला जमलंय? माझ्या वर्गातली पोरं माझ्यासारखी मान हलवून बोलतात, ते मी कुठे शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी मोठा तमाशा झाला. आबा वावरात गव्हासाठी जमीन करत होते. पंच्याहत्तरी गाठली तरी बैल दुसऱ्याच्या हाती देत नसत. फळीवर वजन कमी पडत होतं, म्हणून त्यांनी धावेवर उन्हात बसलेल्या नातीला हाक मारली. उज्ज्वला फळीवर चढली. आबांनी तिच्या हातात कासरा दिला आणि स्वतः बाजूने चालायला लागले. मी बांधावर होते. ती पोरगी हसत होती. गुडघे सैल, अंग बैलांच्या चालीबरोबर खालीवर, दोन्ही हात पुढे. कित्येक दिवसांत तिला मी हसताना पाहिलं नव्हतं.

भाऊ विहिरीवरून धावतच आला. कपाशीच्या वाळक्या पळकाट्या तुडवत आला. "उतर. उतर खाली. अगोदर उतर त्याच्यावरून." आबांनी बैल थांबवले. भाऊचा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता. आबांना उलट बोलणं आमच्या घरात नव्हतं, पण त्या दिवशी तो आबांनाही बोलला. "तुमच्या या फयीनं माहं वाटोयं केलं. आता तिचं नका करू."

आबांना अर्थातच काही समजलं नाही. त्यांना बर्फ, परीक्षा, साहेबाचं वाक्य यातलं काही कधी कोणी सांगितलं नव्हतं. ते कासरा गुंडाळत एवढंच म्हणाले, "फयीवरून पडून आजवर कोणी मेलं नाही रे बाबा." उज्ज्वला खाली उतरली आणि थेट घराकडे गेली. 

जानेवारीत ती मनालीला गेली. भाऊला काही सुचेना. शाळेतून घरी, घरातून पुलावर, पुलावरून शाळेत. पेपरमध्ये तिकडच्या थंडीची बातमी आली की कापून ठेवायचा आणि नंतर फेकून द्यायचा. जेवताना मधेच हात थांबायचा. वहिनी वैतागून म्हणाल्या, "पोरगी बर्फावर आहे का तुम्ही?" मी गेले तर मलाच विचारायचा, की तुला काय वाटतं, टाचांवर गेली असेल का. मला काय वाटायचं आहे. मी कधी बर्फ पाहिला.

फेब्रुवारीत ती आली. नाक काळवंडलेलं, ओठ फुटलेले, आणि चाल बदललेली. शनिवारी सगळे असोद्याला जमलो. कोर्स पास झाली होती, पहिल्या काहींत होती. भाऊने ते ऐकल्यासारखंच केलं नाही. त्याने पायाचा चाळा थांबवला आणि एकच शब्द विचारला. "टाचा?"

 उज्ज्वला म्हणाली, "पहिला आठवडा टाचांवरच होते, नाना."

भाऊचा चेहरा असा झाला की मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

"रोज पडायचे," ती म्हणाली. "तिथले सर म्हणाले, तू मागे बसतेस. तुझ्या अंगातच आहे ते."

"पन मी तर तुले एकदाही माह्या मागं नाही येऊ दिलं."

"नाना, तुमच्या मागे यायला बर्फ लागतो का? चालायला लागल्यापासून तुमच्या मागेच चालते मी. रस्त्याने, बाजारात, धावेवर चढताना. तुम्ही पायरी उतरतानासुद्धा मागे झुकता. मला वाटायचं, तसंच उतरतात."

 आबा भिंतीला टेकून ऐकत होते. भाऊ उठून उभा राहिला, दारापर्यंत गेला, परत आला. साहेबाचं वाक्य खरं ठरलं होतं, तेही त्याने एवढं जपून.

"पुढे ऐका ना," उज्ज्वला म्हणाली. "मग सरांनी आमच्या हातातल्या, बर्फात टेकवायच्या दोन्ही काठ्या काढून घेतल्या. सगळ्यांचे हात भीतीने इकडे तिकडे उडत होते. त्यांनी प्रत्येकाला एक आडवी काठी दिली, म्हणाले, दोन्ही हातांनी समोर धरा आणि असे या. मी धरली आणि मला आबांचा कासरा आठवला. म्हटलं, पुढे बैल आहेत. उतार उभा आला ना, तसं मी टाचांकडे नाही पाहिलं, गुडघ्याकडे नाही पाहिलं. बैलांकडे पाहिलं. ते पुढे ओढतात, तर मी कशाला मागे राहू? हात पुढे राहिले आणि हातांच्या मागे मी आले." ती आबांकडे बघून हसली. "सरांनी सगळ्या वर्गाला थांबवलं. म्हणाले, हिचे हात बघा. मग विचारलं, हे हात कोणी बसवले? तुझा उस्ताद कोण?"

"मंग तू काय सांगितलं?" आबांनी विचारलं.

"नानांचं नाव सांगितलं."

"मी कुठं शिकवले हात," भाऊ म्हणाला.  "मी तर तुले फयीवरून उतरवलं. ओरडलो तुह्यावर."

"तुमचे हात पण तसेच असतात, नाना. तुम्ही स्वतःकडे कधी पाहिलं नाही. टाचाच पाहत बसलात."

मी भाऊच्या हातांकडे पाहिलं. कमरेच्या वर, जरा पुढे, मुठी अर्धवट मिटलेल्या. आयुष्यभर मी ते हात पाहत आले आणि मला कधी दिसले नव्हते. त्यालाही दिसले नसावेत, कारण तो ते एखाद्या परक्याचे असल्यासारखे उलटेपालटे करून बघत होता. मी चहाचं निमित्त करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी विहिरीकडून पाणी मारल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तो धावेवर केळीची ताजी सालं अंथरलेली. रुपचंदने केलेली एक जोडी उज्ज्वलाच्या पायांत होती. दुसरी, कोणासाठी आणि केव्हा करून घेतली होती देव जाणे, भाऊच्या पायांत होती. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा धावेच्या वरच्या टोकाला उभा होता.  आबा आणि मी खाली थांबलो.

"तू पुढं हो," तो लेकीला म्हणाला. "मी मागून येतो."

ती निघाली. हात पुढे, गुडघे सैल, सरळ खाली येऊन वळून थांबली. भाऊ निघाला. अर्ध्या धावेपर्यंत छान आला आणि मग जन्माची सवय आडवी आली. अंग मागे गेलं, पट्ट्या पुढे निघून गेल्या आणि माझा भाऊ केळीच्या सालांवर धपकन बसला. आबा म्हणाले, "अजून मागंच बसतो हा." मी त्याला उठवायला पुढे झाले, तर उज्ज्वलाने हाताने मला अडवलं. ती स्वतःही त्याला हात द्यायला गेली नाही. पट्ट्या सोडून खांद्यावर टाकल्या आणि वर चढायला लागली. त्याच्या जवळून जाताना फक्त म्हणाली, "पीछे आओ, नाना. बस."

 भाऊ उठला, पायजम्याचा चिखल झटकला नाही, पट्ट्या काखोटीला मारल्या आणि तिच्या मागे चढायला लागला. पुन्हा पडला. पुन्हा चढला. कधीतरी ऊन उतरलं, आबा बैलांना पाणी दाखवायला गेले. रस्त्यावरून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी सवयीने ओरडून सांगितलं, "भाऊ, गाडी." त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो धावेच्या डोक्यावर उभा होता, हात पुढे धरून, लेकीच्या पाठीकडे बघत. त्या रविवारी संध्याकाळची धुळ्याची गाडी त्याला न घेता गेली.